'रागा-जॅझ स्टाइल' (१९६८) आणि मुंबईतील अनाम वादक : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहास आजवर मुख्यतः तीन प्रकारच्या व्यक्तींभोवती लिहिला गेला आहे : संगीतकार, गीतकार आणि पार्श्वगायक. ज्यांच्या बोटांनी आणि श्वासाने या गीतांचा प्रत्यक्ष ध्वनी घडला, ते वादक या इतिहासात क्वचितच दिसतात. गीताच्या आरंभीचे पियानोचे स्वर, दोन अंतऱ्यांमधील ट्रम्पेटची तान किंवा सॅक्सोफोनची धून कोट्यवधी श्रोत्यांना पाठ असते. ती कोणी वाजविली हे मात्र ठाऊक नसते. कष्ट करणाऱ्याचे नाव दप्तरात न येणे ही बाब इतिहासाच्या अभ्यासकास नवी नाही. शेतमजूर, गिरणीकामगार, कारागीर यांच्या बाबतीत ती वारंवार अनुभवास येते. एका अत्यंत लोकप्रिय कलेच्या बाबतीतही तीच स्थिती असावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या पार्श्वभूमीवर १९६८ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने 'हिज मास्टर्स व्हॉइस' या मुद्रेखाली प्रकाशित केलेली 'रागा-जॅझ स्टाइल' ही ध्वनिमुद्रिका विशेष लक्षणीय ठरते. तिचे कर्ते शंकर-जयकिशन हे त्या काळातील सर्वाधिक लोकप्रिय संगीतकारांपैकी होते. मात्र या ध्वनिमुद्रिकेत गीत नाही, गायक नाही आणि चित्रपटही नाही. अकरा राग जॅझच्या वाद्यमेळातून मांडणारी ही केवळ वाद्यसंगीताची तबकडी होय. भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचा संकर म्हणून तिचा उल्लेख सामान्यतः केला जातो. प्रस्तुत लेखात तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले आहे. तिचे खरे महत्त्व संकरात नसून, एरवी अनाम राहणाऱ्या वादकांना तिने काही काळ नावानिशी श्रोत्यांसमोर आणले यात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

एक समांतर उदाहरण : नॅट किंग कोल

लोकप्रिय गीतांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कलावंताने शब्द बाजूस सारून केवळ वाद्यसंगीत सादर करण्याची उदाहरणे अमेरिकेत आधीपासून आढळतात. नॅट किंग कोल (१९१९-१९६५) हे त्यांतील ठळक नाव. १९३७ साली स्थापन झालेल्या आपल्या त्रयीतून पियानो, गिटार आणि बास यांच्या साहाय्याने त्यांनी जॅझच्या क्षेत्रात पियानोवादक म्हणून मान्यता मिळविली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा आवाज इतका लोकप्रिय झाला, की सामान्य श्रोत्यांच्या दृष्टीने ते केवळ गायक उरले. अशा वेळी १९५२ साली कॅपिटॉल कंपनीने त्यांची 'पेंटहाउस सेरेनेड' ही केवळ पियानोवादनाची ध्वनिमुद्रिका प्रकाशित केली. पुढे १९५६ साली 'द पियानो स्टाइल ऑफ नॅट किंग कोल' ही वाद्यवृंदासह केलेली तबकडी आली. रे चार्ल्स या दुसऱ्या गायक-पियानोवादकाची 'द ग्रेट रे चार्ल्स' ही वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रिका १९५७ ची आहे.

या उदाहरणांत एक बाब समान आहे. आवाजामागे झाकलेला वादक आणि प्रसिद्ध गायक या दोन व्यक्ती नाहीत. कोल यांनी गाणे थांबविले तेव्हा श्रोत्यांना त्यांचीच बोटे ऐकू आली आणि आवरणावर त्यांचेच नाव राहिले. मुंबईतील परिस्थिती याहून मूलतः भिन्न होती. येथे गीत बाजूस सारल्यावर जे वादन ऐकू आले, ते प्रसिद्ध व्यक्तींचे नव्हते. ते पडद्यामागील दुसऱ्याच माणसांचे होते. ही माणसे कोण होती आणि स्टुडिओत कशी आली, हे समजून घेण्यासाठी मुंबईतील जॅझचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

हॉटेलपासून स्टुडिओपर्यंत

मुंबईत जॅझचा प्रत्यक्ष परिचय मोठ्या प्रमाणावर झाला तो १९३० च्या दशकात. १९३५ साली लिऑन ॲबी या आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादकाचे पथक ताजमहाल हॉटेलात वादनासाठी आले. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी तेथील वाद्यवृंदांचे नेतृत्व केले. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्यास गेले व तेथेच १९४५ साली त्यांचे निधन झाले. स्वदेशात वर्णभेद सोसणाऱ्या या कलावंतांनी वसाहतकालीन मुंबईतील उच्चभ्रूंच्या नृत्यगृहांत वादन करावे, यात इतिहासाचा एक विलक्षण विरोधाभास आहे.

या वाद्यवृंदांत आणि त्यांच्याभोवती गोव्यातील तरुण वादक तयार झाले. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या गोव्यात चर्चशी संलग्न शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजविण्याचे शिक्षण मिळत असे. उदरनिर्वाहासाठी मुंबईस आलेल्या या वादकांना लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजविता येई. आल्दोना येथील ॲंटोनियो झेवियर वाझ हे ट्रम्पेटवादक 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबईत प्रसिद्धीस आले. त्यांनी स्वतःचे पथक उभारले आणि ताजमध्ये वादन केले.

स्वातंत्र्यानंतर ही परिस्थिती झपाट्याने बदलली. युरोपीय ग्राहकवर्ग निघून गेला, संस्थानिकांचा आश्रय संपला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे हॉटेले आणि क्लब यांच्या उत्पन्नावर परिणाम झाला. याच काळात चित्रपटसंगीतास मोठ्या वाद्यवृंदांची गरज भासू लागली होती. परिणामी हॉटेलांतील वादक मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले.

या स्थित्यंतरात मराठी संगीतकारांचा वाटा महत्त्वाचा आहे. नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे जन्मलेले सी. रामचंद्र (१९१८-१९८२) हे संगीतकार आणि 'चितळकर' या नावाने लोकप्रिय झालेले गायक. त्यांच्या संगीतशिक्षणाचा काही काळ नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गेला. म्हणजेच विदर्भात रागसंगीताचे धडे घेतलेल्या या कलावंताने पुढे मुंबईत चिक चॉकलेट यांच्या सहकार्याने जॅझचा ताल आणि ट्रम्पेटचा स्वर हिंदी गीतात रुजविला. 'अलबेला' (१९५१) हे त्याचे सर्वश्रुत उदाहरण होय. या चित्रपटात चिक चॉकलेट आणि त्यांचे पथक पडद्यावरही दिसते. एरवी पडद्यामागे राहणाऱ्या वादकांच्या बाबतीत ही दुर्मिळ बाब होती.

सुरावट भारतीय संगीतकाराची आणि तिच्याभोवतीचा वाद्यमेळ गोमंतकीय संयोजकाचा, अशी श्रमविभागणी स्टुडिओंत रूढ झाली. लाहोरमधील हॉटेलांत वादन करणारे सेबॅस्टियन डिसूझा फाळणीनंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन यांचे दीर्घकाळचे संयोजक बनले. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांनी तर १९५८ साली 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' स्थापन करून राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड मैफलीच्या व्यासपीठावर घालण्याचा प्रयत्न केला. त्यांचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील एका पात्रामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल हे त्या चित्रपटाच्या संगीतकारद्वयापैकी एक होते. वादकाचे नाव घरोघरी पोहोचले, परंतु ते वादकाचे आहे हे मात्र पोहोचले नाही.

नावाचा प्रश्न

ध्वनिमुद्रिकेवर कोणाचे नाव असावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो श्रेय, मोबदला आणि हक्क यांच्याशी निगडित आहे. 'महल' (१९४९) या चित्रपटातील अतिशय गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून लता मंगेशकर यांचे नाव नव्हते. पडद्यावरील पात्राचे 'कामिनी' हे नाव तेथे छापले होते. आकाशवाणीवर गीत ऐकल्यावर गायिका कोण अशी विचारणा श्रोत्यांकडून होऊ लागली आणि त्यानंतर पार्श्वगायकांची नावे ध्वनिमुद्रिकांवर येण्याची प्रथा दृढ झाली. म्हणजे गायकांनाही आपले नाव मिळवावे लागले आहे.

वादकांच्या बाबतीत ती पायरी आली नाही. चित्रपटगीतांच्या तबकडीवर चित्रपट, गायक, संगीतकार आणि गीतकार यांची नावे येत. वाद्यवृंद असल्याचा निर्देशही बहुधा नसे. वादकांना ध्वनिमुद्रणाच्या सत्रानुसार मोबदला मिळे आणि तेथेच त्यांचा त्या गीताशी असलेला संबंध संपे. १९५० च्या दशकात सिने म्युझिशियन्स असोसिएशनसारख्या संघटनेद्वारे मोबदल्याचे प्रश्न मांडले गेले, तरी श्रेयाचा प्रश्न तसाच राहिला. कधी एखादे नाव निराळ्या वाटेने टिकून राही. शंकर-जयकिशन यांचे ताल-साहाय्यक दत्ताराम वाडकर (१९२९-२००७) यांच्या ढोलकवादनाची लकब वादकांच्या बोलीत 'दत्ताराम ठेका' म्हणून ओळखली जाऊ लागली. छापील आवरणावर नसलेले नाव व्यवसायाच्या बोलीत जिवंत राहिले, याचे हे बोलके उदाहरण होय.

'रागा-जॅझ स्टाइल' : रचना व स्वरूप

शंकर (१९२२-१९८७) हे मूळचे तबलावादक, तर जयकिशन (१९२९-१९७१) हार्मोनियमवादक. पृथ्वी थिएटरमध्ये एकत्र काम केलेल्या या जोडीचे स्वतंत्र संगीत 'बरसात' (१९४९) पासून लोकांसमोर आले. १९६८ पर्यंत त्यांच्या कारकिर्दीस जवळजवळ वीस वर्षे झाली होती. त्यामुळे शब्दाविना तबकडी काढण्याचे धाडस कंपनीने त्यांच्या नावाच्या भरवशावर केले, असे मानावयास जागा आहे.

या ध्वनिमुद्रिकेत तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी हे अकरा राग आहेत. आरंभी सकाळचे राग आणि शेवटी भैरवी, यात मैफलीच्या संकेताची जाणीव दिसते. मधला क्रम मात्र समयचक्राने बांधलेला नाही. वादकांमध्ये रईस खान (सतार), जॉन परेरा (ट्रम्पेट), मनोहारी सिंग (सॅक्सोफोन), लुसिला पाचेको (पियानो), ॲनिबल कॅस्ट्रो व दिलीप नाईक (गिटार), एडी ट्रॅव्हास (बास), लेस्ली गोदिन्हो (ड्रम), रमाकांत (तबला) आणि सुमन (बासरी) यांचा समावेश होता.

या नामावलीकडे सामाजिक दृष्टीने पाहिल्यास तिचे मोल ध्यानी येते. घराण्याची तालीम लाभलेला सतारिया, कलकत्त्याहून आलेला सॅक्सोफोनवादक, गोमंतकीय ख्रिस्ती वादक आणि त्यांच्या जोडीस मराठी नावे येथे एका पंक्तीत बसली आहेत. लुसिला पाचेको या स्टुडिओंतील मोजक्या स्त्री-वादकांपैकी होत्या. पियानो हे चित्रपटाच्या पडद्यावर नायकाचे आवडते वाद्य. नायक पियानोसमोर बसून गातो आणि कळींवरील बोटे त्याचीच आहेत असे प्रेक्षक मानतो. त्या ध्वनीमागे पाचेको यांच्यासारख्या वादकांचे कष्ट असत. 'रागा-जॅझ स्टाइल' मध्ये नायक नाही, त्यामुळे पियानो वाजविणारी व्यक्ती झाकण्याचे कारणही उरले नाही.

सांगीतिक दृष्ट्या या प्रयोगासमोर एक मूलभूत अडचण होती. रागसंगीत षड्जाच्या अखंड आधारावर उभे असते. जॅझचा विस्तार मात्र पारंपरिक पद्धतीने बदलत्या कॉर्डच्या आधारे होतो. रागात वर्ज्य असलेला स्वर कॉर्डमध्ये येताच रागरूप बिघडते. मालकंस, कलावती, बैरागी आणि शिवरंजनी या पाच स्वरांच्या रागांची निवड या दृष्टीने समजण्याजोगी आहे. स्वर मोजके असल्याने सुरावट चटकन ओळखू येते. त्याच सुमारास अमेरिकेतील जॅझही कॉर्डच्या गुंत्यातून बाहेर पडून एका स्वरसप्तकावर स्थिरावू पाहत होते. माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) ही त्याची प्रसिद्ध खूण होय. १९५८ साली डेव्ह ब्रुबेक आणि १९६३ साली ड्यूक एलिंग्टन यांनी भारताचा दौरा केला होता. लंडनमध्ये जॉन मेयर आणि जो हॅरियट यांची 'इंडो-जॅझ स्वीट' १९६६ साली प्रकाशित झाली होती. तेव्हा मुंबईतील हा प्रयोग एकाकी नव्हता. दोन्ही बाजूंनी वाट तयार होत होती.

तथापि येथील वादकांना ही वाट परकी नव्हती. दिवसा रागावर आधारित गीताचे ध्वनिमुद्रण आणि रात्री हॉटेलात नृत्यसंगीत, अशा दुहेरी व्यवसायातून त्यांतील अनेकांच्या हाती दोन्ही भाषा आल्या होत्या. म्हणून या तबकडीत दिसणारा संकर १९६८ साली जन्मास आला असे म्हणणे योग्य होणार नाही. तो दोन दशके गीतांच्या आड चालू होता. या वेळी गीत दूर झाल्याने तो उघड झाला.

मर्यादा आणि नंतरचा काळ

या ध्वनिमुद्रिकेच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. एका तबकडीत अकरा राग बसविल्याने प्रत्येकाच्या वाट्यास मोजकी मिनिटे येतात. ही कालमर्यादा ख्यालाची नव्हे आणि जॅझमधील स्वतंत्र विस्ताराचीही नव्हे. ती चित्रपटगीताची आहे. रागातील आलाप-बढत आणि जॅझमधील उत्स्फूर्त उपज या दोहोंना त्यामुळे पुरेसा अवसर मिळत नाही. बांधीव संयोजनाची शिस्त सर्वत्र जाणवते. वादकांची नावे आली तरी ध्वनिमुद्रिका ओळखली जाते ती शंकर-जयकिशन यांच्या नावाने. पडदा बाजूस सरला, पण रंगमंचाची मांडणी तीच राहिली.

या प्रयोगातून सलग परंपराही निर्माण झाली नाही. १९७१ साली जयकिशन यांचे निधन झाले. मुंबईत १९७८ पासून सुरू झालेल्या 'जॅझ यात्रा' या महोत्सवाने जॅझला मैफलीचे व्यासपीठ दिले, परंतु तो श्रोतृवर्ग चित्रपटगीतांच्या श्रोतृवर्गाहून वेगळा होता. पुढे सिंथेसायझर आणि अनेक ट्रॅकवरील ध्वनिमुद्रण यांमुळे १९९० च्या दशकात मोठे वाद्यवृंद झपाट्याने ओसरले. ग्रेगरी बूथ यांचा 'बिहाइंड द कर्टन' (२००८) हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला इतिहास उपलब्ध झाला. तोपर्यंत त्या पिढीतील अनेकजण काळाच्या पडद्याआड गेले होते. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या ग्रंथाने मुंबईच्या जॅझचा पट उलगडला.

नावाचा प्रश्न कायद्यातही पोहोचला आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्यांच्या हक्कांचा अंतर्भाव झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातून स्वामित्वधन मिळण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. मात्र त्याच २०१२ च्या दुरुस्तीत एक परंतुकही आहे. चित्रपटातील ज्याचे सादरीकरण आनुषंगिक स्वरूपाचे असून व्यवसायाच्या रूढीनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेही येत नाही, त्यास नैतिक हक्काचा काही भाग वगळता 'सादरकर्ता' मानले जात नाही. आवरणावर नाव असणे वा नसणे ही केवळ सौजन्याची बाब नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

मुंबईच्या स्टुडिओतील हा प्रश्न यवतमाळसारख्या जिल्ह्यास दूरचा वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. १९५० च्या दशकात आकाशवाणीने चित्रपटगीतांना अंतर दिले तेव्हा विदर्भातील श्रोत्यांपर्यंत ही गीते रेडिओ सिलोनवरून येत. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाल्यावर ती अधिक सुलभ झाली. या गीतांना गावोगावी प्रत्यक्ष ध्वनिरूप दिले ते लग्नाच्या वरातीतील बँडने. ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन ही जॅझची वाद्ये यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड येथील रस्त्यांवर ऐकू आली ती या बँड पथकांतून. नॅट किंग कोल किंवा 'रागा-जॅझ स्टाइल' ज्यांनी कधी ऐकले नाही, त्यांनीही ट्रम्पेटचा स्वर मांडवाच्या दाराशी ऐकला आहे.

येथेही श्रेयाची रचना तीच आहे. फलकावर पथकाचे नाव असते, वादकाचे नसते. महाराष्ट्रात हा व्यवसाय करणाऱ्यांत मातंग तसेच मुस्लिम समाजातील कलावंत मोठ्या संख्येने आहेत. सनई आणि डफडे यांची परंपरा सांभाळणाऱ्या हातांनीच अनेक ठिकाणी पितळी वाद्ये उचलली. स्टुडिओतील वादकांचा इतिहास लिहिणाऱ्या बूथ यांनीच त्याआधी 'ब्रास बाजा' (२००५) या ग्रंथात लग्नाच्या बँडचा अभ्यास केला होता, ही बाब योगायोगाची नाही. दोन्हीकडे तेच संगीत आहे आणि तीच अनामिकता आहे. ध्वनिवर्धकांवरील मुद्रित संगीताने या पथकांचे काम आता आक्रसत आहे.

निष्कर्ष

'रागा-जॅझ स्टाइल' ही ध्वनिमुद्रिका राग आणि जॅझ यांच्या मीलनाचा अंतिम आदर्श नव्हे. सांगीतिक विस्ताराच्या दृष्टीने ती अपुरी आहे. इतिहासाचे साधन म्हणून मात्र तिचे मूल्य मोठे आहे. गीताचे शब्द दूर केल्यावर मागे कोण उरते, या प्रश्नाचे नावानिशी उत्तर ती देते. कोल यांच्या तबकडीत एका प्रसिद्ध व्यक्तीची विस्मृत बाजू पुढे आली. मुंबईच्या तबकडीत विस्मृत माणसेच पुढे आली.

यातून महाविद्यालयीन इतिहास विभागांसाठी एक कार्य स्पष्टपणे समोर येते. ध्वनिमुद्रिकेचे आवरण, बँडचा हिशोबाचा कागद, वरातीचे छायाचित्र, जुन्या स्वरलेखनाची वही ही सर्व अस्सल साधने होत. जिल्ह्यातील ज्येष्ठ बँडवादकांच्या मुलाखती विद्यार्थ्यांकडून ध्वनिमुद्रित करवून घेणे, त्यांची नावे, गुरू, वाद्ये आणि वाजविलेल्या चिजा यांची नोंद महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जतन करणे, यास मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. मुंबईच्या स्टुडिओतील वादकांच्या बाबतीत हे काम पुष्कळ उशिरा झाले आणि त्यामुळे कित्येक नावे कायमची गेली. यवतमाळ, पुसद आणि वणी येथील वादकांच्या बाबतीत ते वेळेत होऊ शकेल.